जीकलबाईंची बॉर्डर आणि आईची कर्दळ

गेल्या जुलैत आई इकडे आली होती. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मी तिला मागच्या दारी नेलं. कुंपणाच्या कडेने फुलझाडांचा एक लांबट पट्टा केलाय, इथे त्याला बॉर्डर म्हणतात. सहा वर्षांची मेहनत! नर्सरीत जे जे आवडलं ते ते एकेक आणून लावलेलं. एक डेल्फिनियम, दोन लिली, एक फ्लॉक्स, तीन डेलिया, मध्ये कुठेतरी ग्लॅडिओलस. आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मला नुसतं हिरवंच दिसतंय."

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं घरच्या मंडळींना माहीत आहेच. समोरचं, बारीक असं काही दिसत नाही. कडेचं, मोठं दिसतं. जिने आमच्या सगळ्यांच्या उशांच्या अभ्र्यांवर साखळी टाक्याची वेलबुट्टी काढली, तिने सुई खाली ठेवून आता चार वर्षं झाली. त्यावर ती बोलत नाही. आम्हीही नाही.

त्या रात्री मी गर्ट्रूड जीकल पुन्हा वाचायला काढली. (हो, 'जेकिल आणि हाइड'मधलंच आडनाव. बाईंच्या धाकट्या भावाची स्टीव्हन्सनशी मैत्री होती, तिथूनच त्याने ते उचललं म्हणतात. घरचा उच्चार मात्र जीकल.) इंग्लंडात बॉर्डर करणारा प्रत्येक जण, त्याला माहीत असो वा नसो, या बाईचं देणं लागतो.

तिच्या आधी काय होतं? व्हिक्टोरियन काळातल्या श्रीमंतांच्या बागेत काचघरात वाढवलेली नाजूक रोपं मे महिन्यात हजारांनी बाहेर यायची. लाल जिरेनियम, पिवळी कॅल्सिओलारिया, निळी लोबेलिया. त्यांची रांगोळी काढायची आणि थंडी पडली की सगळं उपटून टाकायचं. विल्यम रॉबिन्सन नावाचा एक आयरिश माळी यावर भयंकर चिडला. 'द वाइल्ड गार्डन' (1870) आणि 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' (1883) या पुस्तकांत त्याने सांगितलं, की थंडी सोसून दरवर्षी आपणहून उगवणारी झाडं लावा, कंद लावा, खेडवळ घरांच्या अंगणात बघा काय काय आहे ते. माणूस भांडकुदळ होता, पण म्हणणं खरं होतं.

जीकलबाई त्याची मैत्रीण. जन्म 1843 चा, शिक्षण चित्रकलेचं. 1861 साली साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत दाखल झाली. टर्नरच्या चित्रांच्या नकला करायची, भरतकाम करायची, चांदीकाम, लाकूडकाम, काही सोडलं नाही. पण दृष्टी लहानपणापासून अधू, फार जवळचंच दिसायचं. 1891 मध्ये जर्मनीत वीसबाडेनला एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवले. तो म्हणाला, चित्रं आणि भरतकाम बंद करा, नाहीतर आहे तेही जाईल. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

म्हणून ती बागेकडे वळली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते तितकंसं खरं नाही. बाग ती आधीपासूनच करत होती. सरे परगण्यात गोडॅलमिंगजवळची मन्स्टेड वुडची जागा तिने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीलाच घेतली होती. फरक एवढाच, की 1891 नंतर सुई आणि कुंचल्याचं जे होतं ते सगळं बागेत उतरलं.

तिथली तिची मोठी बॉर्डर सुमारे 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद होती. एका टोकाला करड्या पानांमध्ये निळी, पांढरी, फिकट पिवळी फुलं. पुढे पिवळा गडद होत जातो, मग नारिंगी, मग बरोबर मध्यावर भडक लाल, आणि तिथून पुन्हा निवत निवत दुसऱ्या टोकाला जांभळा. झाडं एकेकटी नाहीत. एका जातीची बरीच झाडं एकत्र, लांबट तिरक्या पट्ट्यांत. त्यामुळे एक पट्टी फुलून गेली तरी तिच्या मागेपुढे दुसरी असते आणि भगदाड दिसत नाही.

भगदाडं बुजवण्याच्या तिच्या युक्त्या तर निव्वळ गृहिणीच्या आहेत! डेल्फिनियम फुलून गेलं की त्याच्या वाळक्या दांड्यांवर मागे लावलेला रानवाटाण्याचा वेल चढवायचा. तोही संपला की क्लेमॅटिस ओढून घ्यायचा. जिप्सोफिलाची जाळी तपकिरी पडली की तिच्यावर नॅस्टर्शियम सोडायचं. तरीही कुठे रिकामं दिसलं तर लिलीच्या कुंड्या आणून ठेवायच्या. वसंतातल्या कंदांची अडचण वेगळी. डॅफोडिल फुलून गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न त्या पानांतूनच कंदात उतरतं. पण ती पानं दिसतात अगदी केविलवाणी. बाईंनी कंद नेच्यांच्या मध्ये लावले. नेचे उलगडतात आणि पिवळी पानं झाकली जातात. एकच पट्टा बारा महिने फुललेला ठेवायचा हट्टही तिने धरला नाही. वसंताची बाग वेगळी, जूनची वेगळी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अ‍ॅस्टरची वेगळी. (पदरी माळी होते म्हणून हे जमलं, हेही खरंच.)

तिला अंधुक दिसायचं म्हणून तिने रंगांचे असे मोठे पट्टे केले, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. टर्नर बघून बघून रंग कळलेली बाई होती ती. पण आई आमच्याकडे असताना ते उरलेलं अर्धं काही डोक्यातून जाईना.

असो. मध्यावरच्या त्या लाल पट्टीत बाईंनी काय लावलं होतं माहीत आहे? डेलिया, ग्लॅडिओलस आणि... कर्दळ! आपली कर्दळ! कोकणात आजोळी न्हाणीच्या पाण्यावर माजलेली, कुणी कधी मुद्दाम लावलीय असं न वाटणारी कर्दळ. अर्थात 'आपली' म्हणायचं ते सवयीने, मूळची ती अमेरिका खंडातली. इथल्या थंडीत मात्र तिचे लाड करावे लागतात. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की कापून घ्यायची, कंद उकरायचे आणि ओलसर मातीत घालून शेडमध्ये ठेवायचे.

हे आईला वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "मग तिला दिसत नव्हतं तर ती शिवण कशावर काढायची?" मी म्हटलं, "जमिनीवर." आईने मान हलवली. मग थोड्या वेळाने, "तू एकेक टाका घातलायस गं. भरून काढलेलं नाहीस."

आई ऑगस्टअखेर परत गेली. ऑक्टोबरात मी सगळी बॉर्डर उपसली. चांगली वाढलेली झाडं फोडून त्यांचे गड्डे ओळीने लावताना जीव वरखाली होत होता, शेजारच्या आजोबांना तर मला वेड लागलं असंच वाटलं. ट्युलिपचे साठ कंद घेतले, सगळे एकाच लाल रंगाचे, सगळे एकाच पट्टीत. एप्रिलमध्ये फुलले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून चष्मा न लावताही दिसत होते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले, पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तिला काय दिसणार!

डॉक्टर म्हणतात, यंदा प्रवास करायला हरकत नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तिकीट जुलैअखेरचं काढलंय. कर्दळीचे नऊ कंद काल मधल्या पट्टीत लावले. तिच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, कारण उजवीकडचं तिला अजून बरं दिसतं.