दिव्यांग व्यक्तीची माहिती इतरांना देण्याआधी संमती कशी घ्यावी?

तुम्ही विशेष शिक्षक, थेरपिस्ट, काळजीवाहक किंवा एखाद्या संस्थेतले समाजसेवक असाल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. सेरेब्रल पाल्सी असलेला चोवीस वर्षांचा तरुण समोर बसला आहे. त्याला काम मिळावे म्हणून त्याचे अहवाल एका कार्यशाळेला पाठवायचे आहेत. तुम्ही फॉर्म पुढे करता आणि आई सही करते. त्या तरुणाला कुणी काही विचारतच नाही. त्याचे उच्चार अस्पष्ट आहेत, समज मात्र चांगली आहे. अशी सही म्हणजे त्याची संमती नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक नेमलेला असला तरी त्या व्यक्तीला समजेल तेवढे सांगून तिचे मत विचारावेच.

संमती घेताना चार गोष्टी स्पष्ट सांगा: कोणती माहिती, कुणाला, कशासाठी आणि किती काळासाठी. ‘गरजेनुसार माहिती दिली जाईल’ या वाक्यावर घेतलेली सही फारशी उपयोगाची नाही. नकार दिला तरी थेरपी थांबणार नाही, हेही सांगा. बरेच जण सेवा बंद होईल या भीतीनेच ‘हो’ म्हणतात.

समजावण्याची पद्धत व्यक्तीनुसार बदलते. दृष्टिहीन व्यक्तीला पूर्ण फॉर्म वाचून दाखवा, फक्त सही कुठे करायची ते दाखवू नका. कर्णबधिर व्यक्तीसाठी शक्यतो नातेवाईक नसलेला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. घरच्यांसमोर न सांगण्याजोगेही काही असू शकते. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रफलक, बोटाची खूण किंवा डोळ्यांनी ‘हो-नाही’ चालते. शेवटी, ‘आता तुमच्या शब्दांत सांगा, मी कुणाला काय कळवणार आहे?’ असे विचारा. उत्तर चुकले तर दोष आपल्या समजावण्याचा धरावा आणि पुन्हा सांगावे. सही करता येत नसेल, तर संमती कशी दिली, तारीख कोणती आणि साक्षीदार कोण, याची नोंद ठेवा.

संमती मिळाली म्हणजे सगळी फाईल पाठवायची असे नाही. अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलीच्या बसचालकाला झटका आल्यावर काय करायचे आणि कुणाला फोन करायचा एवढेच कळणे पुरेसे आहे. तिचा बुद्ध्यांक त्याला कशाला हवा? माझ्या मते सर्वांत जास्त गोपनीयता आज व्हॉट्सअ‍ॅपवर फुटते. ‘आमच्या मुलांचे गट’ या नावाखाली अहवालांचे फोटो चाळीस जणांपर्यंत जातात आणि मग परत घेता येत नाहीत. देणगीच्या पत्रकावर फोटो छापायचा असेल, तर त्यासाठी वेगळी संमती घ्या. उपचारासाठी दिलेली संमती तिथे लागू होत नाही.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या माहितीला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे संरक्षण आहे. उपचार घेत असताना तिच्या संमतीशिवाय तिचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची विनंती मराठीतूनही वाचता येण्याची तरतूद आहे. दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून ‘नको’ म्हणायचे झाल्यास कुणाला फोन करायचा, तो क्रमांक फॉर्मवरच लिहा.

काही वेळा संमतीसाठी थांबता येत नाही. जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना आवश्यक ती माहिती लगेच द्या. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळीही, सुरक्षित असेल तर, आपण कुणाला काय सांगणार आहोत हे त्या व्यक्तीला आधी सांगा.