साताऱ्याहून परत

गेल्या मंगळवारी एका कॉलेजच्या खिडकीपुढे फॉर्म घेऊन उभा होतो. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष माझं राहून गेलंय. घरची अडचण होती, त्यालाही आता चोवीस वर्षं झाली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर बसा, विद्यार्थ्याला पाठवा." मागची दोन पोरं हसली. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर येऊन सरळ स्कूटर सुरू केली. 'विद्यार्थी मीच आहे' एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

घरी आल्यावर कपाटातून धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' काढलं. कारण साताऱ्याची गोष्ट आठवली. तुम्हीही शाळेत ऐकली असेल. १८७५ साल, कोकणातलं मुरूड. सतरा वर्षं पुरी झालेल्या धोंडूला परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. मग हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला. भर पावसाळी दिवस, कुंभार्ली घाट, शंभराहून जास्त मैल. चारएक दिवसांत पोचला. तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झालं! परीक्षेला बसूच दिलं नाही.

मी थोराड दिसलो म्हणून आणि तो लहानखुरा दिसला म्हणून. गंमत आहे की नाही? फरक एवढाच की तो घाट चढून आला होता आणि मी पेट्रोल जाळून.

आमचे गुरुजी ही गोष्ट 'चिकाटी' या शब्दावर संपवायचे. मला मात्र आता वाटतं, खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. कारण ही निराशा कर्वे विसरले नाहीत. 'आत्मवृत्त' १९१५ साली आलं, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि तरी साताऱ्याचा तो दिवस त्यात आहे. ती परीक्षा ते पुढे पास झाले. पण मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडलं, तेव्हा वय तेवीस. एल्फिन्स्टनमधून १८८४ साली बी.ए. झाले, तेव्हा सव्वीस. त्या काळात या वयाचे लोक दोन मुलांचे बाप असायचे.

शिवाय स्वभाव कमालीचा लाजाळू. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अशा माणसाचा भिडस्तपणा एक दिवस गळून पडला आणि तो गर्जायला लागला, असं काही झालेलं मला तरी दिसत नाही. त्यांनी लाजण्याला सोबत घेऊनच कामं केली. मुंबईत शिकवण्या करत असताना, १८८६ साली, गावासाठी 'मुरूड फंड' काढला. नोकरीला लागलेल्या गावकऱ्यांकडून मिळकतीतला थोडा थोडा हिस्सा गोळा करायचा. आता पैसे मागणं हे लाजाळू माणसाला भाषणाहून अवघड! (मी सोसायटीची वर्गणी मागायला गेलो की बेल दाबून दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहतो.)

पुढे १८९१ साली पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी कॉलेजातल्या दिवसांपासूनच्या ओळखीच्या गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला बोलावलं. मार्च १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि ज्या मुरूडसाठी फंड काढला त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. एखाद्याने तिथेच हात जोडले असते. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला, तेव्हा तिथे माळ आणि झोपडी. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी सामान घेऊन चिखलातून चालत हिंगण्याला जायचं, सकाळी परत. पुन्हा पायीच. सातारा काही सुटला नाही.

पुस्तक मिटताना एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कधी आली नव्हती. 'आत्मवृत्त' लिहिलं तेव्हा महिला विद्यापीठ जन्मलंच नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस आयुष्याचा हिशोब लिहून काढतो आणि सर्वांत मोठा आकडा त्यानंतर यायचा असतो. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ती कल्पना मांडली. पुढच्या वर्षी विद्यापीठ सुरू झालं. विद्यार्थिनी किती? पाच.

असो. शनिवारी पुन्हा जाणार आहे, फॉर्म द्यायची शेवटची तारीख तीच आहे. बाईंना काय म्हणायचं ते दोनदा म्हणून पाहिलंय. आरशापुढे नाही, स्कूटरवर. हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही.