गट्टी

गेल्या जूनमध्ये चार दिवस मामाकडे आसेगावला होतो. (आमचं आसेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातलं. या नावाची गावं आणखीही आहेत, म्हणून सांगितलेलं बरं.) पेरणीची घाई होती. मामेभावाच्या दुकानात सातबारा काढायला सकाळपासून माणसं बसलेली. पीककर्जाच्या कागदांत तो लागतोच. आणि नेमका त्याच दिवशी प्रिंटर रुसला! कागद बाहेर येत होता, पण ओळी तिरक्या. असा कागद बँकेत कोण घेणार?

आठ दिवसांपूर्वी टेबल सरकवताना प्रिंटर पडला होता, हे मग हळूच कळलं. वायर काढून, तो गार होऊ देऊन आम्ही झाकण उघडलं. लेझरची चपटी पेटी चार पोकळ प्लॅस्टिकच्या खांबांवर स्क्रूंनी बसवलेली असते. त्यातला एक खांब उभा चिरला होता, दुसऱ्याचे आटे पार गेले होते. ६०० डीपीआयचा प्रिंटर म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये मिलिमीटरचा जेमतेम पंचविसावा भाग. तिथे पेटी केसभर जरी कलली तरी ओळ कलणारच. बाकी सगळं यंत्र ठणठणीत. फक्त धरून ठेवणारी जागा गेली होती.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, खांब सुटे मिळत नाहीत, अख्खा सांगाडा बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या. आता ऐन हंगामात नवीन कुठून घ्यायचा? भाऊ डोक्याला हात लावून बसला.

तेवढ्यात मामा आला. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर सुतारकाम केलेलं. चष्मा वर करून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "ह्याच्यात मोठा स्क्रू कोनं कोंबला रे? भोक मोठं झालं म्हून मोठा खिळा नसते मारत बाप्पा. गट्टी माराव लागते."

मी तर पाहतच राहिलो. आधीच्या कुणीतरी ढिल्या भोकात खरंच जाड स्क्रू पिळला होता, आणि खांब पडण्याच्या आधीच आतून उकलला असणार.

मामाची ही 'गट्टी' फार जुनी. भिंतीत खिळा धरत नाही, म्हणून आधी भोक पाडायचं, त्यात लाकडाचा तुकडा ठोकायचा आणि मग खिळा त्या लाकडात मारायचा. लंडनचे कारागीरही हेच करत. १९११ च्या सुमाराला जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेचं सामान बसवायचं होतं. त्याने तागाच्या दोरीची, चिकट द्रव्याने घट्ट केलेली बारीक नळी केली. स्क्रू आत गेला की नळी फुगून भिंतीला आवळून धरी. आणि त्या काळी जगाला ताग पुरवायचा तो मुख्यतः बंगाल, म्हणजे या गोष्टीत आपलाही एक धागा आहेच :) पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने तीच गट्टी नायलॉनची केली. आज इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असते ती तिचीच भावंडं.

मग प्रिंटरमध्ये ही वेळ का आली? जुनी यंत्रं वेगळी होती. १९०५ ते १९९८ वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, त्यामुळे आमच्या आजोबांना जिल्ह्याच्या कामाला अकोल्याला जावं लागे. कचेरीबाहेर टंकलेखकासमोर बसून अर्ज करून घ्यायचा. गोदरेजने भारतीय बनावटीचा टंकयंत्र १९५५ मध्ये काढला आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं. त्याचा सांगाडा धातूचा. धातूत आटे गेले तर थोडं मोठं भोक करून नवे आटे पाडता येतात. १९८४ चा पहिला एचपी लेझरजेटसुद्धा सुमारे ३२ किलोंचा धूड होता. आज टेबलावरचा छोटा लेझर प्रिंटर पाच-सहा किलोंत बसतो, तो प्लॅस्टिकमुळेच. त्यात नट नसतो, स्क्रू स्वतःच प्लॅस्टिकमध्ये आटे कापत जातो. स्वस्त, हलकं, झटपट. पण दर वेळी उघडून बेफिकिरीने पिळलं की तो नवे आटे कापतो, आणि जुने भुगा होतात. शेजारी कागदावर शाई पक्की करणारा भाग दोनशे अंशांच्या आसपास तापतो. वर्षानुवर्षं ती धग खाऊन प्लॅस्टिक कडकही होतं.

मामाने फणसाच्या फळीची पेटी उघडली. कितीतरी वर्षांनी. चिरलेल्या खांबासाठी त्याने मोडक्या रेडिओच्या एरियलमधून पितळी नळीचं बोटभरही नाही एवढं कडं कापलं आणि अ‍ॅराल्डाइट लावून खांबावर चढवलं. "ही धाव," म्हणाला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चढवतात आणि वर पाणी ओततात. ती आकसते, आणि चाकाचे सगळे सांधे आवळले जातात. इथे आग नाही, डिंक आहे, एवढाच फरक. दुसऱ्या खांबात अ‍ॅराल्डाइट भरलं. रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस हात लावू दिला नाही. रांगेतल्या लोकांना भावाने मंगरूळपीरला पाठवलं, ते पाहून त्याचा जीव तुटत होता.

तिसऱ्या दिवशी मामाने वर आलेला डिंक कानशीने खांबाच्या उंचीला घासला, बारीक भोक पाडलं. स्क्रू आधी उलटा फिरवून, 'टक्' झालं की मग सुलटा, आणि तोही दोन बोटांनी. "आवळाचं नाही, बसवाचं."

मामाच्या वडिलांना गावाकडून बलुतं मिळायचं. सुगीला धान्य, आणि त्या बदल्यात वर्षभर नांगर, वखर, चाक धरून ठेवायची जबाबदारी. ती व्यवस्था मला परत नको आहे. जन्माने बांधलेलं काम आणि मालकाच्या मर्जीचं धान्य, मामाने ते पाहिलंय आणि म्हणूनच मुलाला रंधा धरू दिला नाही. पण वस्तू घेतली की तिची दुरुस्तीही त्यातच धरलेली, हा हिशेब मात्र आपण त्याच्याबरोबर फेकून दिला. टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, आणि मामा "माहं काम सरलं" म्हणत ओट्यावर बसला. आम्हीही ते खरंच मानलं होतं.

पहिला सातबारा बाहेर आला. मामाने तो दाराच्या चौकटीला लावून पाहिला. "वळंब्यात हाय," म्हणाला आणि कागद रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला.

संध्याकाळी मात्र त्याने भावाला विचारलंच, "मंग, बलुतं काय देतं आता?"

अर्धा किलो पेढे आले. अवजारांची पेटी अजून ओट्यावरच आहे, आत ठेवलेली नाही, असं परवा मामी फोनवर सांगत होती.