गोखरूची मूत्रलता : परीक्षणाचा इतिहास

गोखरू (सं. गोक्षुर, श्वदंष्ट्रा, म. सराटा, लॅ. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, कुल–झायगोफायलेसी) या जमिनीलगत पसरणाऱ्या ओषधीची काटेरी फळे मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढविणारी) म्हणून प्राचीन काळापासून वापरात आहेत. दख्खनच्या माळावर अनवाणी चालणाऱ्यास सराट्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय गणाच्या दहा द्रव्यांत श्वदंष्ट्रेचा समावेश असून दशमुळांतही गोखरू येतो. मूत्रकृच्छ्र (लघवी कष्टाने होणे) व मुतखडा यांवर फळांचा काढा देत. डायमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) या ग्रंथात या वनस्पतीची नोंद आहे. रामनाथ चोप्रा यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात मूत्रलतेचे श्रेय फळांतील नायट्रेटे व बाष्पनशील तेल यांना दिले.

तथापि काढा म्हणजे बहुतांशी पाणीच आणि नुसते पाणी प्यायल्यानेही लघवी वाढते. अनुभवावर विसंबणाऱ्या जुन्या परीक्षणातील ही मोठी अडचण होती. लिपशिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ती बव्हंशी दूर झाली. उपाशी व तहानलेल्या उंदरांना (रॅट) वजनाच्या प्रमाणात सारखेच लवणजल देतात. काहींना त्यातून अर्क, तर काहींना दर किग्रॅ. वजनास १ ग्रॅ. यूरिया देतात आणि पाच तासांतील मूत्र मोजतात. अर्काने मिळालेल्या मूत्राचे यूरियाने मिळालेल्या मूत्राशी असलेले गुणोत्तर म्हणजे ‘लिपशिट्झ मूल्य’. पुढे तुलनेसाठी फ्युरोसेमाइड वापरात आले. मूत्रातील सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड यांचेही मापन होऊ लागले.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात गोखरूच्या जलीय अर्काने फ्युरोसेमाइडपेक्षा किंचित अधिक मूत्र झाल्याचे आढळले. मात्र अर्काची मात्रा दर किग्रॅ. वजनास ५ ग्रॅ. होती. वैद्य देतात ते चूर्ण काही ग्रॅमच असते. तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे घाईचे ठरेल. शिवाय फळांत पोटॅशियमाची लवणे विपुल असून त्यांच्यामुळेही मूत्र वाढते. अर्क जाळून उरलेली राख तेवढाच परिणाम घडविते काय, हे पाहिल्यास लवणांचा वाटा वेगळा काढता येतो. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या रुग्णाच्या शरीरात पोटॅशियम साचल्यास हृदयाची गती बिघडते.