तारपा, वीटभट्टी आणि पॅरिसची एक गल्ली

तारपा वर्षभर वाजत नाही. भात पिकायला लागलं की मासवणच्या आसपासच्या पाड्यांवर त्याचा आवाज सुरू होतो आणि दिवाळीनंतर विरतो. मी हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. याचं कारण म्हणून कणसरीचं, नव्या भाताचं नाव घेतलं जातं आणि ते खरंच आहे. पण दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट होते. पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ते पावसाच्या तोंडावर परततात.

वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा. एवढ्याशा सामानातून अखंड सूर निघतो, कारण तारपकरी फुंक तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, आणि हे तासन्‌तास. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. जिव्या सोमा मशे यांनी हे फेर जगभर नेले. १९८९मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात होती. चित्राला आवाज नसतो, एवढीच अडचण.

पॅरिसला त्याआधी शंभर वर्षं असाच एक अखंड सूर पोचला होता. ऑक्सितान बोलणाऱ्या दक्षिणेच्या उत्तर टोकाला, ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागात काब्रेत नावाचं वाद्य आहे. नावाचा अर्थ छोटी शेळी. तारपकऱ्याच्या गालांचं काम तिथे चामड्याची पिशवी करते आणि वादक काखेतल्या भात्याने तिच्यात हवा भरतो. एकोणिसाव्या शतकात डोंगरातली शेती पुरेना, तेव्हा तिथली माणसं पॅरिसला गेली. आधी घरोघर पाणी वाहिलं, मग कोळसा आणि दारू विकणारी दुकानं टाकली. मुलखात त्यांच्या भाषेला सरकारी शाळांत शिक्षा होती. इथे मात्र बास्तीयजवळच्या र्‍यू द लाप या गल्लीत, आपल्याच माणसाच्या दुकानात, काब्रेतवर नाच रंगू लागला. आंत्वान बूस्कातेल हा तिथला नामांकित वादक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन घरातला शार्ल पेगुरी अकॉर्डियन घेऊन त्याच्या जोडीला आला आणि हळूहळू अकॉर्डियनने काब्रेतला मागे सारलं. तरी त्या नाचाचं म्यूझेत हे नाव पिशवीच्या वाद्याचंच राहिलं.

मला यात दुकान महत्त्वाचं वाटतं. परमुलखात गेलेल्या माणसाकडे वाद्य असून भागत नाही. संध्याकाळ त्याची हवी आणि जागाही. १९४५च्या वारली लढ्याने वेठ मोडली, पण वीटभट्टीवर जाणारा आजही आधी उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत दिवस शेठच्या हिशोबाने चालतो. तिथे कोण कुणाला नाचायला बोलावणार? पुरस्कार येत नाहीत असं नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

पण ती न तुटणारी फुंक पुरस्काराने येत नाही. ती पोरवयात, म्हाताऱ्या तारपकऱ्याशेजारी बसून, रोज थोडी थोडी जमते. त्यासाठी पोरांच्या हाती भाताचे दीड-दोन महिने उरतात. दिवाळीनंतर तारपा घरात टांगलेला असतो आणि पोरं आईबापाबरोबर भट्टीवर.