हत्यार की अवजार? खिशातल्या चाकूचा इतिहास

महाराष्ट्राबाहेर येऊन राहिलेल्या मराठी माणसाला हिंदी जे काही धक्के देते, त्यात 'हत्यार' या शब्दाचा नंबर बराच वर लागावा. आपल्याकडे सुतार, गवंडी, फिटर सगळेच आपापली हत्यारे घेऊन कामाला येतात. पटाशी, रंधा, करवत ही सुताराची हत्यारेच. पण हिंदी मुलखात एखाद्या मिस्त्रीला 'कल अपने हथियार लेके आना' असे सांगून पाहा, तो दचकून तुमच्या तोंडाकडे बघत राहील! कारण हिंदीत हथियार म्हणजे शस्त्र. कामाच्या वस्तूला तिथे औजार म्हणतात. मराठीने मात्र हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात गुण्यागोविंदाने नांदवले आहेत.

या दोन अर्थांमधली भिंत सगळ्यात पातळ कुठे असेल, तर ती खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूत. पेरू कापायला, सुतळी तोडायला, पेन्सिलीला टोक करायला पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी जी वस्तू खिशात बाळगली, तीच आज खिशात सापडली तर खुलासा करावा लागतो. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

सुरुवात शब्दांपासूनच करू. 'सुरी' आपली संस्कृतातून आलेली, घरात राहणारी. 'चाकू' मात्र फारसीतून आला, आणि गंमत म्हणजे तो ज्यात ठेवायचा तो 'खिसा'ही त्याच वाटेने आला. त्यांच्याबरोबर आणखी एक शब्द आला, जो आज आपण विसरलो आहोत. तो म्हणजे 'कलमतराश'. कलम तासण्याचा लहान चाकू तो कलमतराश. मोडीतले आपले सारे दप्तर बोरूने लिहिले गेले. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते, ते पुन्हा तिरके तासावे लागते. म्हणजे कारकुनाला दौतीइतकीच धारेची गरज. हिशेब, सनदा, पत्रे, वंशावळी यांच्यामागे एक लहानसे पाते सतत काम करत होते. विलायतेतही हेच. तिकडे पिसाच्या लेखणीसाठी जो चाकू लागे, त्यावरूनच 'पेननाइफ' हा शब्द रूढ झाला. छोट्या चाकूचा लेखणीशी संबंध असा जुना आणि सभ्य आहे.

घडीचा चाकू सामान्य माणसाच्या खिशात पोहोचवण्याचे मोठे श्रेय इंग्लंडमधल्या शेफील्ड या गावाला जाते. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही शेफील्डच्या सुरीचा उल्लेख आहे. १६२४ मध्ये तिथल्या चाकूवाल्यांच्या संघाला पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली आणि एकसारख्या दर्जाचे पोलाद मिळू लागले. इथल्या घडीच्या चाकूची रचना साधी पण हुशारीची. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते. ती पात्याच्या बुडावर दाब देऊन धरते, त्यामुळे पाते मिटलेले असो वा उघडे, आपोआप हलत नाही. खटका नाही, कुलूप नाही. जोर दिला की मिटते. अशा चाकूने सफरचंद सोलता येते, पण कोणावर वार करायला जाल तर पाते उलटून आपल्याच बोटांवर मिटायचे! साम्राज्याबरोबर हे चाकू जगभर गेले आणि हिंदुस्थानच्या बाजारातही आले. तारा आणि माल्टीज क्रूस अशी खूण असलेला जोसेफ रॉजर्स कंपनीचा माल तर इकडे चांगलाच नावाजलेला होता.

आता तीन गावांची हकीकत सांगतो. तिन्ही गावे चाकूची, पण तिघांचे नशीब निरनिराळे.

पहिले गाव स्वित्झर्लंडमधले ईबाख. कार्ल एल्सेनर याने तिथे १८८४ मध्ये कारखाना काढला. स्विस सैन्याने त्या सुमारास नवी बंदूक घेतली होती. ती खोलायला पेचकस लागे आणि डबाबंद अन्न उघडायलाही काहीतरी हवे होते. म्हणून प्रत्येक सैनिकाला पाते, पेचकस, डबा उघडणी आणि भोक पाडायची टोचणी असलेला एक चाकू द्यायचे ठरले. पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आला, कारण स्वित्झर्लंडमध्ये एवढ्या संख्येने चाकू बनवणारे कोणी नव्हते. ही गोष्ट एल्सेनरला लागली आणि १८९१ पासून त्याने स्वतः सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. १२ जून १८९७ रोजी त्याने हलक्या 'ऑफिसर' चाकूची नोंदणी केली. लाल मुठीचा, क्रूसाची खूण असलेला तो चाकू आपण सारे ओळखतो. लक्षात घ्या, हा चाकू सैन्याचा, पण त्याची कीर्ती झाली ती बूच काढणारा आणि डबा उघडणारा म्हणून. सैनिकाच्या खिशात असूनही तो अवजारच राहिला. सप्टेंबर २००१ मधल्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर विमानात चाकू नेण्यास बंदी आली, विमानतळांवरच्या दुकानांतून तो हद्दपार झाला आणि कंपनीची विक्री एकदम घसरली. तरीही कंपनीने कामगार कमी केले नाहीत, काहींना काही काळ दुसऱ्या कारखान्यांत कामाला पाठवले. २०२४ मध्ये त्याच कंपनीने पाते नसलेल्या खिशातल्या अवजारांवर काम चालू असल्याचे जाहीर केले. जगभर चाकूविषयीचे कायदे कडक होत आहेत, हे त्याचे कारण. चाकूवाल्यानेच पाते काढून ठेवायचे, ही काळाची खूणच म्हणायची!

दुसरे गाव जपानमधले मिकी. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि जपानमधले अनेक तलवारीचे लोहार घरगुती अवजारांकडे वळले. मिकी हे सुतारकामाच्या अवजारांचे जुने गाव. तिथे १८९० च्या दशकात 'हिगोनोकामी' नावाचा चाकू तयार झाला. पत्रा वाकवून केलेली मूठ, एक पाते, एक रिव्हेट आणि अंगठ्याने दाबायची छोटी शेपटी, एवढाच सगळा ऐवज. किंमत इतकी कमी की शाळकरी मुलांच्या दप्तरात तो असायचाच. पेन्सिलीला टोक करायचे, बांबूची खेळणी करायची, सारे त्यानेच. पुढे १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत भर सभेत समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांचा सतरा वर्षांच्या एका मुलाने खून केला. शस्त्र होते आखूड तलवार. हिगोनोकामीचा तिथे काहीच संबंध नव्हता. पण मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नका, अशी चळवळ देशभर उभी राहिली आणि दप्तरातला चाकू गेला. पेन्सिलीला टोक करायची यंत्रे आली. मिकीतले चाकू करणारे एकेक करून बंद झाले आणि हे नाव अधिकृतपणे वापरणारे एकच घराणे उरले. गुन्हा एका पात्याने केला, शिक्षा दुसऱ्याला झाली.

तिसरे गाव आपल्या देशातले, रामपूर. मुरादाबाद आणि बरेली यांच्यामधले हे जुने संस्थान. रोहिले म्हटले की मराठी माणसाला पानिपत आठवते. १७६१ मध्ये रोहिले अब्दालीच्या बाजूने लढले आणि १७७२ मध्ये मराठी फौजांनी रोहिलखंडात शिरून त्याचे उट्टे काढले. पुढे १७७४ च्या युद्धात अवध आणि कंपनी सरकारने रोहिल्यांचा पाडाव केला. त्यातून फैजुल्लाखानाच्या वाट्याला जो मुलूख आला, ते रामपूर संस्थान. पण याच रामपूरचे आपल्यावर ऋणही आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रामपूर दरबारात वझीरखाँसाहेबांकडून विद्या घेतली. रामपूर-सहस्वान घराण्याचे गाणे आणि रझा ग्रंथालयातली हस्तलिखिते यांनी गावाचे नाव मोठे केले. पण सामान्य माणसाला ते गाव माहीत झाले ते चाकूमुळे!

नवाबी काळापासून इथे चाकूचे कारागीर होते. रामपुरी चाकू म्हणजे लांब, निमुळते पाते, पितळेची किंवा शिंगाची नक्षीदार मूठ, आणि शेफील्डच्या चाकूत नसलेली एक गोष्ट, म्हणजे खटका. पाते उघडले की ते पक्के बसते, खटका सोडल्याशिवाय मिटत नाही. पाते भट्टीत तापवणे, ठोकणे, पाणी देणे, मूठ घासणे, कमान बसवणे ही सारी हातची कामे. बाप मुलाला शिकवी, असा हा धंदा. नऊ ते बारा इंचांचा मोठा चाकू रुबाबाचा, आणि लहान चाकू फळे कापायला, सुपारी फोडायला. दोन्ही त्याच हातांनी केलेले.

मग हिंदी सिनेमा आला. खलनायकाने कमरेचा चाकू काढायचा, खटका वाजायचा, आणि प्रेक्षकांनी श्वास रोखायचा. १९६५ च्या 'वक्त'मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग तर अजून लोकांच्या तोंडी आहे. या प्रसिद्धीने रामपुरी घराघरांत पोहोचला खरा, पण शस्त्र म्हणूनच. 'रामपुरी' हा शब्दच गुंडाचा झाला.

कायदा त्यामागून होताच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र मोकळे सोडले. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याखालच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले गेले. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी केलेली पाती त्यातून वगळली. म्हणजे 'हत्यार की अवजार' हा प्रश्न कायद्यालाही पडलाच होता! त्याने उत्तर दिले ते मोजपट्टी आणि हेतू यांच्या आधाराने. पुढे दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनदार चाकूंवर आणखी कडक मर्यादा घातली. उत्तर प्रदेशात १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि रामपूरच्या कारागिरांचा कणाच मोडला. कोणी जरीकामाकडे वळले, कोणी रिक्षा धरली. त्यातच स्वस्त यंत्राचा माल बाजारात आला. गुंडांनी दुसरी शस्त्रे शोधली. उपाशी राहिला तो लोहार.

कायदा चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. भर रस्त्यात बारा इंचांचा चाकू कोणी बाळगू नये, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पटेल. पण ईबाखच्या कारागिराला मालाचे रूप बदलायला वेळ मिळाला, भांडवल मिळाले, चांगले नाव पाठीशी होते. रामपूरच्या कारागिराकडे यातले काहीच नव्हते. होते ते बदनाम नाव. फरक पोलादात नव्हता, फरक इथे होता. २०२३ मध्ये रामपूर शहरात सुमारे वीस फुटांचा चाकू चौकात उभारला गेला. गावाला आपल्या ओळखीची लाज वाटेनाशी झाली, ही चांगली गोष्ट. पण चौकातल्या चाकूने भट्टी पेटत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक लागते.

इथे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा प्रश्न येतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातल्या वस्तू गोळा केल्या. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या नावाने उभे केलेले ते संग्रहालय पाहिले की कळते, साध्या वस्तूंनाही इतिहास असतो. आपल्याही घरी आजोबांचा एखादा चाकू ट्रंकेत पडलेला असेल. तो बाहेर काढा. पात्याच्या बुडाशी नाव किंवा खूण कोरलेली असते, ती घासून घालवू नका. कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडा. धार लावण्याच्या नादात चाकावर धरू नका, जुने पाते झिजून जाते. तो कोणाचा होता, कुठे घेतला, कशाला वापरला, हे एका चिठ्ठीवर लिहून चाकूसोबत ठेवा. चिठ्ठी नसली की चाकू नुसते लोखंड होतो. लहान चाकू रोज वापरायचा तर घरात, बागेत, कामावर वापरा. प्रवासात विमानाच्या हातबॅगेत मुळीच ठेवू नका, आणि बाहेर नेताना त्या राज्याचा नियम विचारून घ्या. आणि कधी रामपूरवरून जाण्याचा योग आला, तर तिथल्या बाजारात थांबून फळे कापायचा एक लहान हातचा चाकू अवश्य विकत घ्या.

बाप्पांच्या मागोमाग विश्वकर्मा पूजा येते. इकडच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांना हार घातले जातात, आपणही सहकाऱ्यांबरोबर त्यात असतो. पुढे नवरात्रात आपली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्या घरांत तलवारीला जे हळदकुंकू लागते, तेच विळी, कात्री, पेचकस आणि कोयत्यालाही लागते. शस्त्र आणि अवजार एकाच पाटावर! यंदा त्या पाटावर आजोबांचा चाकूही असू द्या, आणि तो घडवणाऱ्या अनाम लोहाराची त्या निमित्ताने आठवण होऊ द्या.

गणपती बाप्पा मोरया!