कामगार विम्याची घडण

भारतात कामगारांना पहिले कायदेशीर आर्थिक संरक्षण मिळाले ते मालकाच्या जबाबदारीतून. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई मागता येऊ लागली. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला. मात्र दोन्हींचा खर्च एकेका मालकावर पडे. म्हणून दावे टाळण्याकडे कल राही. आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाई तर या कायद्यांत नव्हतीच.

यावर उपाय सामायिक निधीचा होता. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. १९४४च्या अहवालात त्यांनी सक्तीचा, अंशदायी विमा सुचवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यात प्रसूती आणि अपघात लाभ जोडायला सांगितले. त्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा झाला.

अंमलबजावणी २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. तत्पूर्वी एक पेच सोडवावा लागला. फक्त याच शहरांतील मालकांनी वर्गणी भरली, तर त्यांचा माल इतरांपेक्षा महाग पडणार होता. म्हणून १९५१च्या दुरुस्तीने देशभरच्या मालकांवर विशेष अंशदान बसवले: योजना लागू झालेल्या भागात वेतनखर्चाच्या सव्वा टक्का, अन्यत्र पाऊण टक्का. मुंबईत योजना १९५४ साली आली. कामगाराचा वाटा पगारातून कापला जाई. त्याच्या बदल्यात आजारपणातला भत्ता मालकाच्या मर्जीवर न राहता कामगाराचा हक्क ठरला.

म्हातारपणासाठी १९५२चा भविष्य निर्वाह निधी कायदा आला. सुरुवातीला तो कापड, लोखंड व पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट आणि अभियांत्रिकी या सहा उद्योगांना लागू होता. कामगार आणि मालक दोघेही सव्वासहा टक्के भरत. १९९५ साली मालकाच्या हिश्श्यातून निवृत्तिवेतन योजना उभी राहिली.

या सर्व कायद्यांना हजेरीपट आणि ठरलेला मालक लागतो. गोदीत, बाजारपेठेत ओझी वाहणाऱ्याचा मालक मात्र दिवसागणिक बदलतो. महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने यातून वाट काढली. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळ त्यामागे होती. माथाडी मंडळात व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा अशा लाभांची तरतूद करते. कायम मालक नसलेल्यालाही अंशदायी सुरक्षा देता येते, हे या कायद्याने दाखवून दिले.

२००८चा असंघटित कामगार कायदा प्रामुख्याने सरकारी कल्याण योजनांवर विसंबला. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली. ठरलेला मालक नसतानाही वर्गणी कोणाकडून घ्यायची, या माथाडी कायद्याने हाताळलेल्या प्रश्नाला अशा रीतीने केंद्रीय कायद्यात स्थान मिळाले.